ओट्याची उंची

"ओट्याला हात लावायचा नाही," नवरा म्हणाला. "दगड चांगला ठणठणीत आहे. तेवढ्या पैशात बाल्कनीच्या काचा होतात."

घराचं काम काढलं होतं आणि सकाळपासून तो खर्चाला कात्री लावत बसला होता. काटकसरीत आपला हात कोणी धरणार नाही, असं निदान त्याचं स्वतःचं तरी मत होतं. बायकोने एकच गोष्ट मागितली होती, नवा ओटा. तो कशाला हवा, ते तिने सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे मग."

तिचं 'बरं' त्याला पुरलं. आता वरच्या कपाटांची उंची तेवढी ठरवायची होती. तो टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरला.

"जरा ओट्यापाशी उभी राहा बघू. रोज राहतेस तशी. आणि हात वर कर."

ती आली. खाली न बघता तिने पायानेच ओट्याखालची एक फळी ओढली, तिच्यावर चढली आणि हात वर केला.

टेप धरलेला त्याचा हात तसाच राहिला. "हे काय?"

"फळी."

"ती दिसतेय मला. कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. आधी पाट होता, तो मोडला."

फळी टाचांच्या जागी झिजून खोलगट झाली होती. लग्नाआधी, ओटा किती उंच ठेवू असं गवंड्याने विचारलं तेव्हा यानेच स्वतःच्या कमरेवर हात ठेवून ऐटीत सांगितलं होतं, इथपर्यंत. रोज याच दारात उभं राहून तो चहाचा कप हातात घेत आला होता. नजर कधी खाली गेली नव्हती. लाजेने त्याला तिच्याकडे बघवेना.

"उतर खाली," तो कसाबसा म्हणाला. "ओटा नवाच करू. काचा गेल्या खड्ड्यात. किती उंच हवा तुला, दाखव."

ती उतरली. तिने भिंतीवर तळहात टेकवला, जरा विचार केला आणि हात चांगला वीतभर वर सरकवला.

"वर कशाला? आधी हात टेकवलास तिथेच बरोबर होतं की."

"अहो, एवढा खाली घेतला तर तुम्हाला वाकावं लागेल ना," ती अगदी मनापासून म्हणाली. "कधी काही करायला आलात तर."