हजेरीचा कोड

दुसरीतल्या तनुजाने लिहिलेला संगणकाचा कोड जिल्हा प्रशासनाने निवडला, तेव्हा कालिंदीबाईंनी वर्गात पेढे वाटले होते. मुलांच्या कोडपैकी उत्तम असेल तो जिल्हा दर शनिवारी कुठल्या तरी खऱ्या कामाला लावायचा. तनुजाचा कोड साधाच होता, बाई रोज हजेरी घेत तसा. नाव तीनदा पुकारायचं, ‘हजर’ ऐकू आलं नाही तर खोडायचं आणि जागा पुढच्याला द्यायची.

सोमवारी शाळा सुटल्यावर बाई दवाखान्यात गेल्या. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या त्यांच्या वडिलांच्या खाटेवर दुसराच माणूस झोपला होता.

“सकाळपासून जिल्ह्याचं नवं यंत्रच रुग्णांची हजेरी घेतंय, ताई,” सिस्टर रडत म्हणाली. “आजोबांचं नाव तीनदा पुकारलं. ते हात वर करत होते हो! आम्ही धावेपर्यंत यंत्राने त्यांचा ऑक्सिजन तोडला होता.”

बाईंना वर्गातला तो दिवस आठवला. तनुजाने कोडमध्ये आणखी एक ओळ लिहिली होती: हात वर केला तरी हजर समजा.

“आपल्या वर्गात सगळ्यांना बोलता येतं की गं,” असं म्हणत बाईंनीच ती पुसायला लावली होती.