मालकीणबाई

मतं घेणाऱ्या लिपिनकॉटने हेस्टरच्या हातातली मताची चिठ्ठी घेतलीच नाही.

"तुमचं नाव यादीतून कमी झालंय, वहिनी," तो म्हणाला.

न्यू जर्सीतल्या त्या कोर्टाच्या खोलीत रांग पार दाराबाहेर गेली होती. इंग्रजांना घालवून सहा वर्षं झाली होती, आणि आता नव्या देशाचं पहिलं सरकार निवडायचं होतं. हेस्टरला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर याच लिपिनकॉटने तिची चिठ्ठी पेटीत टाकली होती. पन्नास पौंडांची मालमत्ता ज्याची, त्याला मत, एवढाच इथला कायदा. बाई की पुरुष, हे कायद्याने विचारलं नव्हतं. आणि विधवा हेस्टरच्या नावावर अख्खं शेत होतं.

लिपिनकॉटने समजूत घातली. आठ दिवसांपूर्वी तुम्ही लग्न केलंत. लग्न झालं की बायकोचं शेत नवऱ्याचं होतं. म्हणजे तुमचं आता काहीच नाही, आणि ज्याचं काही नाही त्याला मत नाही. मत द्यायचं ते आता जोथम देईल.

जोथम तिच्या मागेच उभा होता. चार वर्षं तो तिच्याकडे गडी होता. तिचा विचार वसंतात लग्न करायचा होता. हिवाळ्यातच उरकू म्हणून त्यानेच धोशा लावला होता.

"याला मत?" हेस्टर म्हणाली. "गेल्या आठवड्यापर्यंत याच्या अंगावरचा कोटसुद्धा माझ्या पहिल्या नवऱ्याचा होता."

"अजून तोच आहे," रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. लढाईत इंग्रजांनी तिचं कोठार जाळलं, नवरा त्यांच्या कैदी जहाजावर तापाने गेला, आणि त्याच दिवसांत थॉर्नली त्यांच्या फौजेला गुरं विकून गबर होत होता. तोच थॉर्नली आज उमेदवार होऊन उभा होता. त्याला पाडायला ती बर्फातून सहा मैल आली होती, आणि इथे तिला बाजूला उभं राहायला सांगत होते. हा कुठला न्याय?

तरी तिने राग गिळला. थॉर्नलीचं नाव निघालं की जोथमही धार काढता काढता पचकन थुंकायचा. मत निदान घरातच राहणार होतं.

लिपिनकॉटने जोथमला शपथ घ्यायला लावली आणि विचारलं, तुझी जमीन किती, हद्दी कोणत्या. जोथमने टोपी दोनदा फिरवली. मग सवयीने मागे वळून म्हणाला, "मालकीणबाई, एकर किती हो आपले?"

या वेळी लिपिनकॉटही हसला. हेस्टरनेच सांगितलं. एकशेचार एकर. उत्तरेला ओढा, पूर्वेला पवनचक्कीचा रस्ता, दक्षिणेला दगडी बांध, तो तिने स्वतः रचलेला. पश्चिमेला कुणाचं रान आणि किती काठ्या लांब, तेही सांगितलं. लिपिनकॉटने सगळं मान डोलवत उतरवून घेतलं. साक्ष तिची चालत होती.

"घे," म्हणत तिने आपली चिठ्ठी जोथमपुढे धरली. तिच्याच अक्षरातली होती. त्याला लिहिता येत नव्हतं.

जोथमने ती घेतली नाही. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने दुसरीच चिठ्ठी काढली. आत आणखी एखादी दडवलेली नाही ना, हे बघायला लिपिनकॉटने ती उलगडली. वळणदार अक्षरात एकच नाव होतं, थॉर्नली. कागद घड्यांवर मळून काळा झाला होता, कडेला फाटायला आला होता. आठ दिवसांत कागद एवढा झिजत नाही.

"कधीपासून बाळगलीस ही, जोथम?" हेस्टरने विचारलं.

चिठ्ठी पेटीत पडली.

"वहिनी, जरा बाजूला व्हा," लिपिनकॉट म्हणाला. "लोकांना मत द्यायचंय."