उजव्या कोपऱ्यात रेवती

स्थळांना पाठवायला श्रीरंगने बहिणीचा फोटो काढला. त्यात तीन हिस्से आभाळ, एक हिस्सा माळरान आणि उजव्या कोपऱ्यात जिऱ्याएवढी रेवती होती.

"अरे, मुलगी कुठाय?" अण्णांनी चष्मा पुसला.

"मध्ये उभी केली तर आभाळ अवघडतं, अण्णा."

"मग लग्न ढगांचंच लाव!"

पण रेवतीच्या मनात भरलेल्या स्थळाला तो फोटो केव्हाच गेला होता. आठवडाभर तिकडून चकार शब्द नाही. रेवती भावाशी बोलेना, त्याला घास उतरेना.

मग मुलाचा फोटो आला. अफाट आभाळ, माळरान, डाव्या कोपऱ्यात दोन ठिपके. खाली लिहिलं होतं, 'डावीकडची शेळी. उजवीकडचा मी.'

रेवतीने दोन्ही फोटो शेजारी ठेवले. क्षितिज सलग जुळलं. दोघं जवळ आले, मध्ये फक्त शेळी.

"दादा," ती गालात हसली, "शेळी तेवढी बाजूला घ्या म्हणावं."