जावयाचं बाळंतपण

ऋतुराजच्या कानांवरून मफलरची गाठ आवळून आशाबाईंनी त्याच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, तेव्हा बाहेर उस्मानपुऱ्यात मार्चचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग पडलं. खोलीभर धूर झाला. आशाबाई म्हणजे त्याच्या सासूबाई, सोयगावच्या. फ्लॅटमधल्या बॉक्सच्या पलंगाखाली शेगडी जाणार नाही, म्हणून त्यांनी गावाकडची सुंभाची बाजच टेम्पोत घालून आणली होती. पायथ्याशी सासरे आप्पासाहेब बसून जावयाच्या पोटऱ्या तेलानं रगडत होते. आप्पासाहेबांनी जन्मभर मालिश केली ती फक्त बैलांना. त्यामुळं ते मधूनच सवयीनं त्याच्या मांडीवर थाप मारून "हां हां, उभा ऱ्हा" म्हणत.

आणि हे सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं मागून घेतलं होतं.

ऋतुराज एका विमा कंपनीत कारकून. दोन वर्षांपासून तो ट्रायथलॉनच्या नादाला लागला होता. म्हणजे आधी तलावात पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकलवर बसून खुलताबादचा घाट चढायचा आणि खाली आल्यावर पळायचं. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही, हौस. गेल्या वर्षीच्या शर्यतीला त्यानं चिंच, गूळ आणि सैंधवाचं, ताकदीसाठी वाटेत चोखायचं जेल घरीच शिजवून सॉसच्या बाटलीत भरून नेलं. निम्म्या घाटात पोटानं असा इंगा दाखवला, की सायकल टाकून त्याला एका शेतात शिरावं लागलं. ऑफिसात त्यावरून लोकांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. तरी गड्याचे प्रयोग थांबले नाहीत. रताळ्याच्या वड्या झाल्या, नाचणीचे गोळे झाले, पायांचा शीण जावा म्हणून बर्फाच्या पिंपात बसून सर्दीही झाली. त्याच्या बायकोनं, मंजुषानं, हात टेकले. यंदा काही झालं तरी शर्यत पुरी करायचीच, एवढा एकच ध्यास त्यानं घेतला होता.

मग कुठंतरी त्यानं वाचलं, की शरीराची झीज भरून काढायला डिंक आणि अळिवाला तोड नाही. त्यानं लगेच सोयगावला फोन लावला.

"आई, बाळंतिणीला देता ते लाडू पाठवता का? मलाच पाहिजेत."

आशाबाई म्हणाल्या, "पाठवायचे कशाला, आम्हीच येतो की. पण ते लाडू नुसते खायचे नसत्यात, जावईबापू. त्यासंगं पथ्य असतं. समदं पाळाल?"

"सगळं पाळीन," ऋतुराज म्हणाला. घरच्या तुपातल्या लाडवांपुढं माणूस काय वाट्टेल ते कबूल करतो.

सोमवारी दोघं आले ते मुक्कामालाच. अळिवाची खीर सुरू झाली, तूप ओतलेला मऊ भात सुरू झाला. गार पाणी बंद, पंखा बंद. पोटावर जुनं लुगडं करकचून बांधलं गेलं. ऋतुराजनं रजा टाकली आणि मित्रांना सांगितलं, की शर्यतीआधी शरीराला विश्रांती द्यायची असते. आणि खोटं कशाला बोला, गुण येत होता. दुखरा गुडघा गप्प झाला. पोटऱ्या हलक्या झाल्या. यंदा आपण घाट गाणं म्हणत चढणार, असं त्याला वाटायला लागलं.

घोडं अडलं ते शनिवारी संध्याकाळी. बाजेवरून उठून तो पोहण्याचा चष्मा शोधायला लागला, तर आशाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुठं निघाला?"

"उद्या पहाटे शर्यत आहे ना, आई. तलावात पोहायचंय."

"सव्वा महिना गार पाण्यात हात घालायचा नाय. उंबऱ्याच्या भाईर पाय टाकायचा नाय. पथ्य म्हंजी पथ्य."

ऋतुराजच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं आशेनं आप्पासाहेबांकडं पाहिलं. आप्पासाहेब तेलाच्या बाटलीचं बूच लावण्यात गढून गेले. सासूला उलट बोलायची त्याची हिंमत नव्हती, पण वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती. तो काकुळतीला आला.

"आई, मी आता अगदी ठणठणीत आहे. झोपून राहिलं की उलट अंग आखडतं. कामाला लागलं की आपोआप मोकळं होतं."

स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मंजुषा पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिनं आवाज चढवला नाही.

"आपल्या श्रेयाच्या वेळी सोयगावला मला न्यायला आलात, तेव्हा हेच म्हणाला होतात. आई सव्वा महिना राहू द्या म्हणत होती. पोरगी पंधरा दिवसांची होती. इथं आले, तर वास्तुशांतीच्या पाहुण्यांनी घर भरलेलं, आणि कणीक मळायची राहिलेली."

ऋतुराजला सगळं आठवलं. आमची मंजू कशी काटक आहे, हे त्या दिवशी त्यानं पंगतीत कौतुकानं सांगितलंही होतं. मफलरखाली त्याचे कान तापले. त्याला लाज वाटली, लई लाज वाटली. शर्यत राहिली बाजूला, बायकोच्या तोंडाकडंही त्याला बघवेना. तो बाजेवर जाऊन पुन्हा आडवा झाला.

आशाबाई जवळ आल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं मफलरची गाठ सोडली.

"उठा, जावईबापू. असं मन मारून पडू नका. पहाटे जावा, पोहा, सायकल चालवा, पळा. पर झालं की तिथं रेंगाळू नका. सोयगावचं समदं गणगोत मी दुपारी जेवायला बोलावलंय. मंजू बाजेवर पडणार हाय, आन् भाकरी तुम्हालाच थापायच्यात."