उजेड कुणाच्या गालावर मोजायचा

संहिताने दिवा खुर्चीच्या पायाशी ठेवला आणि त्याचं तोंड वर केलं. खालून आलेला उजेड भल्याभल्यांचं भूत करतो. त्यात लेन्स रुंद आणि कॅमेरा नाकापासून हातभर. म्हणजे नाकाचं वांगं होणार, डोळ्यांखालच्या पिशव्या लोंबणार, आणि हे सगळं हॉलंडमधल्या मराठी मंडळाच्या रौप्यमहोत्सवात भल्यामोठ्या पडद्यावर, दोनशे माणसांसमोर! सोळा वर्षांच्या आयुष्यात तिने इतकं मन लावून काहीच केलं नव्हतं.

शिरीषकाका आत कुर्ता बदलत होते. मंडळाचे पहिल्यापासूनचे कॅमेरामन ते. दोन वर्षांपूर्वी गणपतीत संहिताने मुलींचा नाच बसवला होता. पहिल्या रांगेत मधोमध ती स्वतः. काकांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि हात हलवला. "संहिता बेटा, तू मागे उभी राहा. कॅमेरा तुला पकडत नाही."

ती मागे गेली. पुढच्या महिन्यात हॉलमध्ये व्हिडिओ लावला, तर सगळ्या मुली लखलखत होत्या आणि संहिताच्या जागी एक काळा डाग नाचत होता. मधूनच दात दिसायचे. काकांनी माईक हातात घेतला. "संहिताला शोधा आणि मोदक मिळवा!" हॉल खदखदून हसला. आईसुद्धा थोडी हसली. लोकलाजेस्तव.

मग तिने शाळेत फिल्मचा विषय घेतला आणि पहिल्याच महिन्यात तिला कळलं, की कॅमेरा सगळ्यांना पकडतो. फक्त उजेड कुणाच्या गालावर मोजायचा, हे आपल्याला ठरवावं लागतं. काकांनी तो दर वेळी गोऱ्यापान मुलींच्या गालावर मोजला होता. बाकीचे गेले अंधारात. एवढंच. दोन वर्षं ती ज्या गोष्टीसाठी आरशावर रागावली होती, ती कॅमेऱ्यावरचं एक चाक फिरवण्याइतकी होती.

यंदा तिच्या फिल्मला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं आणि मंडळाने तिला काम दिलं. संस्थापक कुटुंबांची दोन-दोन मिनिटांच्या चित्रफिती. यादीत पहिलं नाव काकांचं होतं. तिने ते शेवटी नेलं. ताटातलं गोड शेवटी खातात तसं.

"वा, आल्या आमच्या कॅमेरावाल्या!" काका पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात बाहेर आले. "हे सगळं सामान घेऊन सायकलने? डीमनपासून उइटहॉर्नपर्यंत? एवढ्या वाऱ्यात? चहा टाकू?"

"चहा नंतर. आधी तुम्हाला घेते."

"हा दिवा असा खाली का गं?"

"नवी पद्धत आहे, काका."

"असेल बाबा." ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि लगेच अर्धे उठले. "थांब, नातीलाही घेऊ. ओमकारची लेक. जयंती! कॉम, कॉम! ये इकडे!"

जिन्यावरून सहा वर्षांची एक मुलगी धडधडत उतरली. पुढचे दोन दात पडलेले, केसांचे दोन गुबगुबीत गोळे, त्यांना लाल रिबिनी. ओमकारदादाची बायको सुरीनामची. जयंतीने आईचा रंग घेतला होता, अगदी तसाच, गडद.

"तू कुठे बसणार?" संहिताने डचमध्ये विचारलं.

जयंतीने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग ती खुर्चीला वळसा घालून आजोबांच्या पाठीमागे गेली आणि भिंतीला टेकली.

"मी मागे उभी राहते," ती म्हणाली. मराठीत. एरवी सगळं डचमध्ये बोलणारी पोर हे एक वाक्य अगदी स्वच्छ बोलली.

काका हसले. "पाठ झालंय तिला. काय करणार? दर फोटोला सांगावं लागतं. कॅमेरा पकडतच नाही गं हिला."

संहिता वाकली आणि खुर्चीच्या पायाशी ठेवलेला दिवा तिने उचलला. भूत-बित, वांगं-बिंगं, सगळा बेत तिने एका दमात मोडला. दिवा उंच केला, सामानातला पांढरा थर्माकोल भिंतीला टेकवून त्यावर फिरवला, म्हणजे उजेड मऊ होऊन परत येईल. लेन्स बदलली. जयंतीला हात धरून पुढे आणलं, मधोमध, पहिल्या रांगेत. तिचा चेहरा खिडकीकडे जरासा वळवला.

आणि उजेड तिच्या गालावर मोजला.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ती हळूहळू उगवली. गालाच्या उंचवट्यावर तांबूस चमक, भुवईजवळचा बारीक व्रण, पापण्यांचा एकेक केस. संहिताने पडदा तिच्याकडे वळवला. जयंती बघतच राहिली. तिने पडद्यावरच्या स्वतःच्या नाकाला बोट लावलं. "दॅट बेन इक," ती पुटपुटली. ही मी आहे.

तिच्या शेजारी, खिडकीच्या लख्ख उजेडात, काकांचा गोरा चेहरा पांढऱ्या कुर्त्यात विरघळून गेला होता. नाक नाही, डोळे नाहीत. चष्म्याची काडी तेवढी तरंगत होती. खिडकीवर एक पातळ पडदा ओढला असता तर दोघंही छान दिसले असते. दोन मिनिटांचं काम. पडदा संहिताच्या पिशवीत होता.

तिने पिशवीची चेन लावली.

"आम्ही कसे दिसतोय?" काकांनी कॉलर सरळ केली.

संहिताने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि हात हलवला.

"काका, तुम्ही जरा मागे उभे राहा ना. कॅमेरा तुम्हाला पकडत नाहीये."