कुंडीतलं पान

कॉलेजच्या प्रयोगशाळेत थोरलीने जास्वंदीच्या दोन पानांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. एक पान बॅटरी कारखान्याच्या नाल्याकाठचं, शिशाने मारलेलं. दुसरं घरच्या कुंडीतलं, निरोगी.

बाईंनी दोन्ही काप पाहिले. "अगं, दोन्ही नाल्याकाठचीच आणलीस की! पेशी आक्रसल्यात, रंध्रं मिटलीत. निरोगी पान कुठंय?"

"ते घरचंच आहे, बाई. आई रोज त्याला बाबांचे कामाचे कपडे भिजवलेलं पाणी घालते, वाया कशाला..." बोलता बोलता तिने पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बाबा जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कामावर होते; शिशाची धूळ अंगाकपड्यांवर घेऊनच घरी यायचे.

संध्याकाळी बाबा दारात आले, तशी धाकटी नेहमीसारखी धावत सुटली. बाबांनी हात पसरले. थोरली मध्येच उभी राहिली.

"बाबा, आधी अंघोळ करा. मग घ्या तिला."

"दिवसभर वाट बघतं गं लेकरू! मी काय परका आहे?"

थोरलीने कुंडीकडे बोट दाखवून बाईंचं बोलणं सांगितलं. बाबांनी ते खुरटलेलं झाड पाहिलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. धाकटीच्या उंचीची पेन्सिलीची रेघ वर्षभर वर सरकलीच नव्हती. "आजीवर गेलीय बुटकी," म्हणून सगळ्यात जास्त तेच तिला चिडवायचे.

त्यांनी पसरलेले हात हळूच पाठीमागे नेले.

"देवा," ते पुटपुटले, "शेवटी झाडाच्या तोंडून सांगितलंस रे."