खिडकीचा उरलेला कोपरा

पिवळी लोकर संपली तेव्हा खिडकीचा एकच कोपरा उरला होता.

बाकीची चौकट लोकरीने विणलेल्या डॅफोडिलच्या पिवळ्या फुलांनी भरून गेली होती. गावातल्या दुकानांच्या काचांमागे दर वर्षी वसंत यायचा तो तिच्याच क्रोशाच्या सुईवरून, म्हणून गाव तिला फुलवालीच म्हणायचं. या वर्षी मात्र तिने दुकानांची सगळी कामं परत पाठवली होती. तिच्या घराची खिडकी बंदरावरून दिसत होती आणि तिला फक्त तेवढी सजवायची होती.

"नवीन लोकर आणलीय की मी," नवरा म्हणाला.

"ही हळदीसारखी आहे. मला तीच हवी, राघूच्या स्वेटरातून उरलेली."

"तो रंग आता येत नाही म्हणे."

"मग राहू दे कोपरा उघडा. राघूला मागे फिरायला तेवढंच निमित्त पुरेल."

राघू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. तोंडाचा पट्टा सतत चालू, म्हणून राघू. हिवाळ्यात तो मासेमारीच्या बोटीवर कामाला निघाला, तेव्हा आईने आकाशपाताळ एक केलं. रागाच्या भरात म्हणाली, "गेलास तर परत तोंड दाखवू नकोस." तो नुसता हसला. पिवळा स्वेटर डोक्यातून घालत म्हणाला, "वसंतात येईन. खिडकी भरून पिवळी फुलं लाव. भरलेली दिसली तर समजेन, राग गेला. नाहीतर बंदरावरूनच मागे फिरेन."

बोट परतली नाही. फुलवालीला बोटीचं काही सुचत नव्हतं, आपलं ते एक वाक्य तेवढं आठवायचं. जीभ हासडून टाकावीशी वाटायची.

त्या स्वेटरचीही एक गंमत होती. नवरा सुतार. लाकूड नुसत्या वासावरून ओळखेल, पण पिवळा आणि पोपटी त्याला जन्मापासून सारखेच दिसायचे. स्वेटर संपता संपता लोकर कमी पडली म्हणून त्याला दुकानात धाडलं, तर पठ्ठ्याने पोपटी गुंडा आणला. दिव्याच्या उजेडात तिलाही कळलं नाही. बाहीच्या टोकाला, अगदी मनगटाशी, शेवटच्या चार फेऱ्या विणून तिने टाके बंद केले आणि सकाळी पाहते तो काय! ती उसवायला बसली, तर राघूने स्वेटरच हिसकावला.

"राहू दे गं आई. राघूला पोपटीच शोभतो."

मग तिने हवी तेवढी पिवळी लोकर आणून ठेवली, पण ती बाही तशीच राहिली. तेव्हापासून नमुन्याचा तुकडा खिशात घातल्याशिवाय ती नवऱ्याला लोकरीच्या दुकानात पाठवत नसे.

मध्ये एकदा बंदराच्या कचेरीतून निरोप आला, किनाऱ्याला कुणाचं तरी प्रेत लागलं होतं. "तू नको येऊस," म्हणून नवरा एकटाच गेला. दुपारी परतला आणि नळाखाली बराच वेळ हात धूत राहिला.

"आपला नव्हता," तो पाठमोराच म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. "कुणाची आई असेल हो ती? तिला कळलं असेल का?"

"नसेल अजून," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात त्याने राघूच्या टेबलासाठी जपून ठेवलेल्या जाड फळ्या कारखान्यात नेल्या. गिऱ्हाईक आलंय म्हणाला. फुलवाली खवळली. पोरगं आल्यावर त्याला काय सांगणार, म्हणून तिने नवऱ्याला वाटेल ते ऐकवलं. एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस, पण त्या दिवशी रंधा उचलून कारखान्यात निघून गेला.

लोकर संपल्यापासून मात्र तिने अन्न सोडलं. दिवसभर त्या उघड्या कोपऱ्याकडे बघत बसायची. समोर ठेवलेलं ताट तसंच उचलावं लागायचं.

"दोन घास खा गं."

"वसंत निघून चाललाय. बंदरावरून पोर मागे फिरलं तर माझ्यामुळेच ना?"

तो उठला, सदरा चढवला. "आणतो लोकर. तोच रंग आणतो."

तो गेल्यावर तिचं लक्ष टेबलावर गेलं. नमुन्याचा तुकडा तिथेच राहिला होता. आता हा कोणत्या रंगाची लोकर घेऊन येतोय देव जाणे, असं म्हणून तिने कपाळावर हात मारला.

संध्याकाळी तो आला. हातात एकच गुंडा, वेडावाकडा गुंडाळलेला. तिने तो फुलांशेजारी धरला आणि बघतच राहिली. रंग अगदी हुबेहूब तोच होता.

"कुठे मिळाली?"

"एका जुन्या गोदामात पडून होती."

"म्हणूनच कुरळी झालीय. दाबून दाबून वळ पडलेत." तिने गुंडा नाकाशी नेला. "साबणाचा वास येतोय."

"धुऊन ठेवली असेल कुणीतरी. चालेल ना?"

"चालेल काय, धावेल!"

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. ती जेवत असताना तो उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने लाल डोळ्यांनी आत आला. कारखान्यात भुसा डोळ्यात गेला असेल, असं तिला वाटलं.

सकाळी उन्हं आत आली तशी ती खिडकीशी बसली. साखळी टाक्यांचं वेटोळं, त्यावर खांबाचे टाके, मग पाकळ्या. कोपरा भरत आला. बंदरावर एक बोट लागत होती, तिच्याकडे बघत तिने हात आणखी भरभर चालवला. शेवटचं फूल उरलं तेव्हा गुंडा बोराएवढा झाला होता. पुरेल की नाही अशी धाकधूक होती, म्हणून तिने उरलेला धागा एकदमच ओढून घेतला.

पिवळ्या लोकरीच्या मागोमाग पोपटी लोकर बाहेर आली. मनगटाभोवती चार फेऱ्या होतील एवढीच.

"जुळतोय ना गं रंग?" नवऱ्याने दारातून विचारलं.